अण्णांचं चुकीचं बटण

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ही डायरी प्रियाच्या सांगण्यावरून सुरू करतोय. प्रिया पुण्याच्या ऑफिसात माझी सीनियर. आज ती फोनवर म्हणाली, "राजानंद, तू तीच चूक पुन्हा विचारतोयस. काय अडलं आणि कशानं सुटलं ते लिहून ठेवत जा." अपमान वाटला, पण बोलणं खोटं नव्हतं. तर लिहितो. रोज जमेल असं नाही.

अडलेलं काम ऑफिसचं नाही, घरचं आहे. ऑगस्टमध्ये अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. गाडीच्या पुढच्या दारातून मागच्या सीटवरच्या पोरांना दम भरायचे. त्यांच्या तोंडात आता 'न्हाई' एवढा एकच शब्द उरलाय. पाणी हवं असलं तरी न्हाई, नको असलं तरी न्हाई. मी घरून काम करायची परवानगी घेऊन बदनापूरला येऊन राहिलो. जालन्याला वाचा-उपचार करणाऱ्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, चित्रांचा तक्ता करा, त्यावर बोट ठेवून सांगतील. मी म्हटलं, मी प्रोग्रामर माणूस, पुठ्ठ्याचा तक्ता कशाला? टॅबवर बोलणारा तक्ता करतो. चित्र दाबलं की वाक्य ऐकू येईल.

भाषा घेतली हॅस्केल. ऑफिसात मला नुकतंच हॅस्केलवाल्या टीममध्ये घेतलंय, तेवढीच प्रॅक्टिस. दुसरं कारण खरं. या भाषेत प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगावा लागतो आणि प्रकार एकमेकांशी जुळले नाहीत तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं आधी तपासणारा, प्रोग्राम चालूच देत नाही. बाकीच्या भाषांत चूक वापरताना कळते, इथे वापरायच्या आधीच अडते. अण्णांच्या बाबतीत मला एकही चूक नको आहे.

आजची चूक: "शब्दांची यादी अपेक्षित होती, शब्द मिळाला." म्हणजे त्यानं मोसंबीची पिशवी मागितली आणि मी हातावर एक मोसंबी ठेवली. उपाय: शब्दाभोवती चौकोनी कंस, की झाली यादी. एवढ्यासाठी दुपार गेली.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज कंपायलर म्हणतो, "अनंत प्रकार बनवता येत नाही." कुणी सांगितलं होतं तुला अनंत प्रकार बनवायला? मी फक्त दाबलेली चित्रं एकापुढे एक लावतोय. खाली अक्षरांची रांगोळी: हे ते असेल तर ते म्हणजे त्याचीच यादी असेल, मग ती यादी म्हणजे पुन्हा त्या यादीची यादी. दहा वेळा वाचलं. डोकं गरगरायला लागलं.

आई चहा घेऊन आली. उंबऱ्यावरच टेकली. हल्ली ती कुठेही टेकते. स्क्रीनवरचा लाल मजकूर बघून म्हणाली, "काय म्हणून राह्यलं ते?"

"चुकलं म्हणतंय."

"कुठं चुकलं ते सांगत न्हाई का?"

"सांगतंय. पण मला कळत नाही."

"मंग ते बी आपल्या अण्णावानीच झालं की," असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता बरगडीखाली हात दाबून थांबली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "काही न्हाई रे, गॅस धरलाय. चहा पी जल्दी, थंडा व्हईल."

तिनं स्वतः चहा सोडलाय. चांगलं झालं. मीही सोडायला पाहिजे.

अण्णा पलंगावरून आमच्याकडे बघत होते. "न्हाई, न्हाई," म्हणाले. मला वाटलं त्यांनाही चहा हवा. दिला, तर घेतला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

अनंत प्रकाराचं कोडं प्रियानं पाच मिनिटांत सोडवलं. पुण्याहूनच माझी स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "तू या ओळीत शोधतोयस. इथे चूक नाहीच." तिचं म्हणणं असं, की कंपायलर जिथे ओरडतो तिथे चूक झालेली असेलच असं नाही. दोन गोष्टी पहिल्यांदा जिथे जुळत नाहीत तिथे तो ओरडतो. चूक तुम्ही कधीच वर करून आलेला असता, आणि तिथे तो गप्प बसलेला असतो, कारण तिथपर्यंत त्याला सगळं बरोबरच वाटत असतं.

"मग करायचं काय?"

"प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर त्याचा प्रकार लिही. काय घेतं आणि काय देतं. तू काही सांगितलं नाहीस तर तो आपल्या मनानं अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर पुढचं सगळं रचत जातो."

चूक निघाली पार वरच्या भागात. दोन याद्या जोडायच्या चिन्हाऐवजी मी एक शब्द यादीला जोडायचं चिन्ह टाकलं होतं. मी तीन दिवस खालच्या ओळींशी झटापट करत होतो. आपल्याला हे जमणारं नाही, असं आज फार वाटलं. सहकारी हे सगळं जेवता जेवता करतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चालला! प्रोग्राम चालला!

टॅबवर तीन रांगा केल्यात. वरच्या रांगेत माणसं: आई, मी, रूपाली. रूपाली माझी धाकटी बहीण, कुंभार पिंपळगावला दिलीय. मधल्या रांगेत वस्तू: पाणी, चहा, पंखा, गोधडी, लघवीचं भांडं. खालच्या रांगेत शरीर: डोकं, छाती, पोट, पाय. तीन प्रकारची तीन वाक्यं. माणूस दाबला की "आईला बोलवा". वस्तू दाबली की "मला पाणी पाहिजे". शरीर दाबलं की "माझं डोकं दुखतंय". आवाज माझा भरलाय. आई म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा बारीक आवाज आहे तुझा. ह्यांनी पाणी मागितलं तर शेजारी पुष्पाबाई तांब्या घेऊन येत व्हती." पुष्पाबाई भिंतीपलीकडून खरंच म्हणाली, "मंग काय!"

अण्णांच्या डाव्या हाताजवळ टॅब ठेवला. आधी नुसते बघत राहिले. मग बोट उचललं. वरच्या रांगेत नेलं आणि आईचा फोटो दाबला. "आईला बोलवा," टॅब म्हणाला. आई समोरच उभी, तिनं पदर तोंडाला लावला. मग अण्णांनी बोट खाली आणलं आणि पोटाचं चित्र दाबलं. "माझं पोट दुखतंय."

ऑगस्टपासून पहिल्यांदा अण्णा काहीतरी बोलले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाज कशाला वाटून घ्यायची. त्यांचं पोट दुखतंय हे आम्हाला आज कळलं. किती दिवस दुखत असेल आणि आम्ही त्यांना तसंच दामटून खिचडी भरवत होतो.

आईनं लगेच गरम पाण्याची पिशवी केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अण्णांनी गरम पाण्याची पिशवी ढकलून दिली. ओव्याचं पाणी थुंकलं. सकाळपासून आई-पोट, आई-पोट दाबणं चालू आहे. गावातल्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी पोट चाचपलं. मऊ आहे, म्हणाले, झोपून असल्यानं ॲसिडिटी असेल. गोळ्या दिल्या.

डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा अण्णांनी पुन्हा दाबलं. मी मोठ्यानं विचारलं, "अण्णा, पोट दुखतंय ना?"

"न्हाई."

"मग दाबताय कशाला?"

पुन्हा आई, पुन्हा पोट. आईनं टॅब उचलून बाजूला ठेवला. "राहू दे रे, दमले ते," म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जालन्याच्या बाईंना व्हिडिओ पाठवला. त्या म्हणाल्या, ह्या आजारात असं होतं, हो आणि नाही यांची अदलाबदल होते, एकच बटण पुन्हा पुन्हा दाबलं जातं. मनात असतं एक आणि बोट जातं दुसरीकडे. धीर धरा, चुकीचं बटण दाबलं तर रागवू नका, बरोबर कोणतं ते दाखवा.

म्हणजे पोटदुखीही खरी नाही. पहिलं वाक्य म्हणून मी नाचलो, आणि ते वाक्य नव्हतंच, हात अडकला होता. काल आईला पोरासारखं सांगत सुटलो होतो की अण्णा आता बोलणार. ती म्हणाली, "बोलतील रे हळूहळू. घाई कशाला?" तिला घाई नाही. मला आहे.

अण्णांना बरोबर बटण दाखवत बसलो. पाणी, अण्णा. हे बघा, पाणी. त्यांनी माझा हात धरला. डाव्या हातात अजून चांगली ताकद आहे. धरला आणि माझंच बोट आईच्या फोटोवर नेलं, मग पोटावर. मी हात सोडवून घेतला. माझा संयम संपला होता, हे लिहून ठेवतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कदाचित दोष अण्णांच्या डोक्यात नसेल, माझ्या प्रोग्राममध्ये असेल, असा विचार करून आज सगळं परत तपासलं. चूक एकही नाही. पण पिवळ्या सूचना आहेत. लाल चूक असली तर प्रोग्राम चालत नाही. पिवळी सूचना म्हणजे चालेल, पण विचार करा. मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो. आज उघडून वाचली.

"काही शक्यता हाताळलेल्या नाहीत," असं म्हणून त्यानं खाली लिहिलं होतं: आधी माणूस, मग शरीर.

म्हणजे त्याचं म्हणणं, कुणी आधी माणूस दाबला आणि लगेच शरीराचा भाग दाबला तर या दोहोंचं मिळून तू काय करणार, हे तू सांगितलेलं नाहीस. आता काय करणार? असं वाक्य असतं का? माणसाला बोलवायचं असतं आणि शरीर आपलं दुखत असतं. दोन्ही वेगळी वाक्यं आहेत. कंपायलरला घरदार नसतं, तो आपला सगळ्या जोड्या लावत बसतो. मी खाली 'इतर काहीही असेल तर सुटं सुटं वाच' अशी एक ओळ टाकली आणि सूचना गेली. अण्णांचं दाबणं काही गेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

रूपाली आली होती. आल्या आल्या म्हणाली, "दादा, आई केवढी वाळली रे! बांगड्या कोपरापर्यंत जाऊन राह्यल्या तिच्या."

मी म्हटलं, सगळेच वाळलोय. रात्री अण्णांची कूस बदलायला तीच उठते. तू दोन दिवस राहून बघ.

ते तिला लागलं. मला ते म्हणायचं नव्हतं. मग दोघांत जुंपली, तू पुण्यात होतास तेव्हा कोण येत होतं इथपर्यंत सगळं निघालं. आई मधे पडली, "अरे मला काही झालं न्हाई. भूक कमी झालीय वयानं. तुम्ही भांडू नका, ह्यांना तरास व्हतो." अण्णा पलंगावर मोठमोठ्यानं न्हाई न्हाई ओरडत होते आणि टॅबवर हात आपटत होते. "आईला बोलवा. माझं पोट दुखतंय. आईला बोलवा. माझं पोट दुखतंय." माझाच आवाज, माझ्यावरच. शेवटी मी टॅबचा आवाज बंद केला.

रूपाली संध्याकाळच्या गाडीनं रडत गेली. तिला फोन करायला पाहिजे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

प्रियाला सगळं सांगितलं. ती विचार करून म्हणाली, "मग ती जोडी दाबताच येऊ नये असं कर ना. आपल्या भाषेची गंमतच ती आहे. जे चूक आहे ते पकडत बसायचं नाही. प्रकारच असे बनवायचे की चूक लिहिताच येणार नाही."

हे मला फार पटलं. म्हणजे माणूस दाबला की खालची रांग आपोआप फिकट होईल, दाबलीच जाणार नाही. अण्णांचा हात अडकायचा प्रश्नच मिटला. जालन्याच्या बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, पर्याय कमी केले तर गोंधळ कमी होतो कधी कधी, करून बघा.

आतापर्यंत 'चित्र' असा एकच प्रकार होता. त्याचे तीन वेगळे प्रकार केले. फक्त तेवढं केलं आणि पूर्ण फाईल लाल झाली. स्क्रीन वर सरकवत गेलो तर संपेचना. घरातली एक वीट काढावी आणि माळवद खाली यावं तसं झालं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

एक चूक दुरुस्त केली की दोन येतात. आज तर त्यानं "हा प्रकार नेमका कोणता ते ठरवता येत नाही" असं म्हटलं आणि सुचवलं की अमुक एक ओळ घाला. घातली. तर म्हणतो, ही ओळ इथे चालत नाही. अरे, तूच सांगितलीस ना! ऑफिसचं काम मागे पडलंय. प्रियाला तरी किती वेळा विचारायचं, तिचे "हं" आता आखूड व्हायला लागलेत.

आई भाकरी करताना मधेच उठून मोरीत गेली. बराच वेळ आली नाही. तव्यावरची भाकरी करपली. मी इथून ओरडलो, "आई, भाकर!" आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. मी चिडचिड केली, की घरात एवढा धूर, मला इथे काही सुचत नाही. तिनं खिडकी उघडली.

मी असा नव्हतो.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं. लाल नाही, पिवळं नाही. कंपायलर एक अक्षर बोलला नाही. या भाषेतली माणसं म्हणतात, कंपाईल झालं की चाललंच समजा. जीव भांड्यात पडला.

अण्णांसमोर टॅब ठेवला. त्यांनी आईचा फोटो दाबला. "आईला बोलवा." खालची रांग फिकट झाली. बोट पोटावर आलं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग नखानं दाबलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आता चुकणार नाही अण्णा," मी म्हटलं. "आता चुकताच येणार नाही."

त्यांनी टॅब हातानं दूर सारला आणि तोंड भिंतीकडे केलं.

२ डिसेंबर, मंगळवार

अण्णा टॅबला हात लावत नाहीत. पाणी हवं असलं तरी लावत नाहीत. एवढं रक्त आटवून केलं त्याचं हे फळ. आई म्हणते, "राहू दे, मला कळतं त्यांचं न सांगता." तिला कळतं हे खरंच आहे. मग मी कशाला आलो इथे?

६ डिसेंबर, शनिवार

आज महापरिनिर्वाण दिन. दरवर्षी आई पांढरी साडी नेसून सकाळीच विहारात जाते, वंदना संपल्यावरही बायांत बसून राहते. आज साडी नेसली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. म्हणाली, "तूच जाऊन ये राजा. ह्यांच्यापाशी कोणी पाहिजे." मी म्हटलं मी थांबतो, तू जा. "न्हाई, मला तेवढं चालवत न्हाई आज."

मी जाऊन मेणबत्ती लावून आलो. आलो तर दोघं एकमेकांचा हात धरून बसले होते. मला बघून आईनं हात काढून घेतला, लाजल्यासारखी. बरं वाटलं बघून. या सगळ्यात तेवढंच एक बरं आहे घरात.

१० डिसेंबर, बुधवार

आई सकाळी मोरीत पडली. रक्ताची उलटी. काळी. पुष्पाबाईनं आधी ऐकलं, मी मीटिंगमध्ये कानाला हेडफोन लावून बसलो होतो. जालन्याला नेलं, तिथून छत्रपती संभाजीनगर. रूपाली आलीय. अण्णांजवळ पुष्पाबाई आहे. पुढचं लिहवत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल दुर्बीण घालून बघितलं. जठरात गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय. मोठे डॉक्टर बोलायला चांगले आहेत, पण त्यांचा चेहरा चांगला नव्हता. मला बाजूला घेऊन विचारलं, "पोटात कधीपासून दुखतं यांच्या?"

मी म्हटलं, माहीत नाही. दुखतं असं कधी म्हणाली नाही.

"एवढी गाठ आहे, दुखत असणारच. जेवण कमी झालं असेल, वजन उतरलं असेल. त्यांना विचारलं तर चार दिवस म्हणतात. चार दिवसांत असं होत नाही. घरात कुणाला तरी माहीत असेल ना? नीट विचारून सांगा, मला पुढचं ठरवायला लागेल."

घरात कुणाला तरी. मी तिथे कॉरिडॉरमध्ये उभा होतो. आई, पोट. आई, पोट. दिवसभर पलंगावरून तिच्याकडे बघत राहायला अण्णांनाच तेवढी फुरसत होती. त्यांनी माझं बोट धरून दाखवलं होतं. आणि मी वरच्या रांगेत आईला ठेवलं ते बोलवायला. घरात आई म्हणजे हाक मारायची माणूस. तिचं काही दुखेल, हे वाक्य मला सुचलंच नाही, म्हणून प्रोग्रामलाही माहीत नव्हतं. कंपायलरनं सरळ विचारलं, या जोडीचं काय करणार. मी त्याचं तोंड बंद केलं. अण्णांचंही केलं.

दुपारच्या गाडीनं बदनापूरला आलो. अण्णा पुष्पाबाईच्या हातून जेवले नव्हते. मला बघितल्याबरोबर उठायचा प्रयत्न केला. मी सांगितलं, "आई दवाखान्यात आहे. शुद्धीवर आहे. बोलते." पुष्पाबाई ताट झाकून तिच्या घरी गेली.

आणि मी काय केलं? लॅपटॉप उघडला. किती मूर्ख असावं माणसानं. मला ते वाक्य घालायचं होतं, आईचं पोट दुखतंय. माणूस आणि शरीर एकत्र घेणारा प्रकार लिहिला आणि पूर्ण फाईल पुन्हा लाल झाली. हे अपेक्षित होतं, ते मिळालं. हे जुळत नाही, ते जुळत नाही. खरंच नव्हतं जुळत, मीच तसं बांधलं होतं. बघत बसलो. अण्णा माझ्याकडे बघत बसले. शेवटी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या पलंगावर बसलो.

"अण्णा, आईचं पोट दुखत होतं?"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी त्यांचा हात धरला.

"कधीपासून? डॉक्टर विचारतायत."

तोंड उघडलं, न्हाई शिवाय काही येईना. बोटांवर सांगायला गेले, ते त्यांचं त्यांनाच जमेना. मग हात भिंतीकडे केला. मला कळायला वेळ लागला. भिंतीवर कॅलेंडर होतं. खिळ्यावरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. उलटी केलेली पानं अण्णांनी एकेक करून परत खाली पाडायला सुरुवात केली. नोव्हेंबर. ऑक्टोबर. सप्टेंबर. डाव्या हातानं पानं नीट सुटत नव्हती, तरी मला मदत करू दिली नाही. ऑगस्ट आलं तेव्हा मला वाटलं, आता थांबतील. ऑगस्टमध्येच तर त्यांचं झालं, त्याच्या आधीचं काय असणार? थांबले नाहीत. जुलै पाडलं. जूनवर पूर्ण तळवा ठेवला.

जूनमध्ये अण्णा ठणठणीत होते. बोलत होते. आठवड्यातून दोनदा मला फोन करायचे, पावसाचं आणि राजकारणाचं बोलायचे.

"तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? मग मला सांगितलं का नाही?"

अण्णांनी भिंतीशी ठेवलेल्या आईच्या घडीच्या गोधडीकडे बोट दाखवलं. मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर आडवं ठेवलं.

रूपालीला फोन लावला, डॉक्टरांना सांग म्हणायला. फोन आईनंच घेतला. आवाज अगदी बारीक. मी एवढंच म्हटलं, "आई, अण्णांनी जून दाखवला."

ती म्हणाली, "त्यांना काही बोलू नको रे. मीच म्हणले व्हते, पोरांना सांगू नका. तुला तिकडं नवीन काम मिळालं व्हतं, रूपालीच्या घरी बी तिचं तिला पुरं. ऑगस्टात आम्ही दोघं येणारच व्हतो इथं दाखवायला. ह्यांनी बॅग बी भरली व्हती. मंग ह्यांचंच असं झालं."

फोन स्पीकरवर होता. अण्णा ऐकत होते. त्यांनी कॅलेंडरवरचा हात उचलला नव्हता. मी डॉक्टरांचंच विचारलं, "मग आई, डॉक्टरांना जून सांगू ना?"

"थोडं कमी करून सांग," आई म्हणाली. "रागवतेत ते."